नकार आणि मौन : दूरच्या डेटाबेसांचा तुटलेला संबंध कसा तपासावा

विदर्भातील बँकेच्या शाखेत, तहसील कचेरीत किंवा कोळसा खाणीच्या कार्यालयात ज्याला कामानिमित्त जावे लागते, त्याच्या कानांवर 'आज लिंक नाही' हे शब्द कधी ना कधी पडलेलेच असतात, आणि ते ऐकून मुकाट्याने परत फिरण्याची सवयही त्याला एव्हाना जडलेली असते. खिडकीबाहेरच्या माणसाला एवढ्या उत्तरावर समाधान मानावे लागते हे खरे. परंतु नागपूरच्या मुख्य सर्व्हरचा आणि चंद्रपूर, गडचिरोली किंवा गोंदियाच्या सर्व्हरचा परस्परसंबंध राखण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवलेले आहे, त्यांनीही तेवढ्यावरच थांबावे, टेलिफोन कंपनीकडे तक्रार गुदरावी आणि चहा मागवून स्वस्थ बसावे, हे काही उचित नव्हे. १९५६ पर्यंत राजधानी असलेले नागपूर आजही मुख्यालयांचे शहर आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचा कारभार येथून चंद्रपूर आणि यवतमाळच्या खाणींपर्यंतच काय, मध्य प्रदेशातील छिंदवाडा आणि बैतूलपर्यंत चालतो. रेल्वेची विभागीय कार्यालये येथे आहेत, महसुलाचे आयुक्तालय येथे आहे. एका ठिकाणचे दप्तर दुसऱ्या ठिकाणच्या दप्तराशी रोज जुळवण्याची गरज जेथे इतकी मोठी, तेथे ते जुळेनासे झाल्यास तपास कोणत्या क्रमाने करावा, याचा विचार सावकाश बसून एकदा तरी व्हावयास हवा.

दोन डेटाबेस एकमेकांशी बोलतात तेव्हा त्यांपैकी एक त्या घटकेपुरता मागणारा असतो आणि दुसरा देणारा. या व्यवस्थेला ओरॅकलमध्ये डेटाबेस लिंक म्हणतात, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये लिंक्ड सर्व्हर, आणि पोस्टग्रेसमध्ये फॉरेन डेटा रॅपर. नावे निराळी असली तरी मागणी नेहमी नागपूरच्या सर्व्हरच्या पोटातून, त्याच्या स्वतःच्या पत्त्यावरून निघते, अधिकाऱ्याच्या टेबलावरच्या संगणकातून निघत नाही. ही साधी बाब विसरल्यामुळे जितका वेळ वाया जातो तितका दुसऱ्या कशानेही जात नसेल. कोणीतरी आपल्या लॅपटॉपवरून गडचिरोलीचा डेटाबेस उघडून पाहतो, तो लागलीच उघडतो, आणि 'नेटवर्क उत्तम आहे, दोष तुमच्या सर्व्हरमध्ये आहे' असा निवाडा तो देऊन मोकळा होतो. वास्तविक लॅपटॉपचा पत्ता वेगळा, त्याला फायरवॉलने दिलेली मुभा वेगळी, आणि त्याच्यावरची पत्त्यांची यादीही वेगळी. ओरॅकलच्या लिंकसाठी वाचली जाते ती सर्व्हरवरची टीएनएसनेम्स नावाची फाइल. लॅपटॉपवरची त्याच नावाची फाइल कितीही निर्दोष असली तरी तिचा येथे काडीचा उपयोग नाही. तेव्हा पहिला नियम असा की प्रत्येक चाचणी मागणाऱ्या सर्व्हरवर बसूनच करावी.

त्यानंतर नाव आणि पत्ता यांची रुजवात घालावी. दूरच्या सर्व्हरला आपण नावाने हाक मारतो, पण संदेश जातो तो अंकांच्या पत्त्यावर, आणि नावाचा पत्ता सांगणारी डीएनएसची नोंद जुनी राहिली तर संदेश इमानेइतबारे जुन्या मुक्कामी जाऊन पोहोचतो. एनएसलुकअप ही आज्ञा देऊन मिळालेला पत्ता खरोखरच्या पत्त्याशी ताडून पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. मात्र सर्व्हरवरच्या होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये पूर्वी कोणी तात्पुरती म्हणून एखादी ओळ लिहून ठेवली असेल, तर एनएसलुकअप ती दाखवत नाही आणि डेटाबेस मात्र तिच्यावरच विसंबतो. म्हणून ती फाइलही उघडून पाहावी. ओरॅकलने ओआरए-१२१५४ हा क्रमांक दाखवला तर दिलेल्या नावाचा ठावठिकाणाच लागलेला नाही, संदेश अजून घराबाहेर पडलेलाच नाही, असे समजावे आणि केबलीकडे बोट दाखवू नये.

पत्ता बरोबर निघाला की बहुतेक मंडळी पिंग करतात, आणि पिंगचे उत्तर आले तर आनंदतात, न आले तर हताश होतात. हे दोन्ही मनोविकार अनाठायी आहेत. पिंगचा संदेश निराळ्या जातीचा असतो आणि पुष्कळ फायरवॉल तो बुद्ध्याच अडवतात; उलटपक्षी पिंग चालला म्हणजे डेटाबेसचे दार उघडे आहे असेही सिद्ध होत नाही. प्रत्येक डेटाबेसचे दार क्रमांकाने ठरलेले असते. ओरॅकलचे सामान्यतः १५२१, एसक्यूएल सर्व्हरचे १४३३, मायएसक्यूएलचे ३३०६, पोस्टग्रेसचे ५४३२. चाचणी करावयाची ती त्याच दारावर. लिनक्सवर टेलनेट किंवा नेटकॅट, आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा त्यासाठी पुरेशी आहे. या चाचणीत दार उघडले तर फारच उत्तम. परंतु ते उघडले नाही, तर ते कशा रीतीने उघडले नाही, याकडे सर्व लक्ष एकवटावे, कारण माझ्या मते या साऱ्या तपासाची किल्ली तेथेच आहे.

रजिस्टर टपालाचे पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आले, तर निदान पत्ता बरोबर होता, रस्ता चालू होता आणि दारात कोणीतरी उभे होते, एवढे निश्चित कळते. पण पाकीट परतही आले नाही आणि पोचही आली नाही, तर ते कोणत्या टप्प्यावर गहाळ झाले हे शोधणे भाग पडते. संगणकाच्या जगातही 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' यांत नेमका हाच भेद आहे, आणि दोन्हींना सरसकट 'लिंक नाही' म्हणणारा मनुष्य हातात आलेला पुरावा स्वतःच पुसून टाकतो. नकार क्षणार्धात येतो. दूरचे यंत्र जिवंत आहे, संदेश त्याच्यापर्यंत पोहोचला आहे, आणि त्या क्रमांकाच्या दारावर ऐकणारे कोणी नाही, असा त्याचा अर्थ. क्वचित एखादी फायरवॉलही असाच रोखठोक नकार देते, पण पुष्कळदा ती गप्प राहणेच पसंत करते. मौन मात्र दीर्घ असते. लिनक्स आपल्या नेहमीच्या मांडणीत एकच विनंती पुनःपुन्हा पाठवीत सुमारे १२७ सेकंद वाट पाहते, तर विंडोज बहुधा २१ सेकंदांच्या सुमारास हात टेकते. म्हणून घड्याळ समोर ठेवून चाचणी करावी. उत्तर यावयास किती वेळ लागला हा आकडा त्रुटीच्या संदेशाइतकाच बोलका असतो.

नकार आला असल्यास तपास दूरच्या टोकाला करावयाचा. डेटाबेसची सेवा मुळात चालू आहे काय, हे पाहावे, आणि चालू असल्यास ती कोणत्या पत्त्यावर कान देऊन बसली आहे, हे पाहावे. पोस्टग्रेस नव्याने बसवला की तो केवळ स्वतःच्याच यंत्रावरून आलेल्या विनंत्या ऐकतो. मायएसक्यूएल उबुंटूसारख्या प्रणालीवर बसवला तर त्याचीही तीच तऱ्हा. आणि एसक्यूएल सर्व्हरच्या एक्सप्रेस आवृत्तीत टीसीपीची वाटच आरंभी बंद असते. गावातून पाहावे तर सर्व सुरळीत आणि नागपूरहून पाहावे तर साफ नकार, असा चमत्कार बहुधा याच कारणाने घडतो, आणि स्थानिक कर्मचारी शपथेवर सांगतो की 'आमच्याकडे तर चालू आहे साहेब', तेव्हा तो खोटे बोलत नसतो. ओरॅकलच्या बाबतीत ओआरए-१२५४१ म्हणजे दारावर कोणीच नाही, आणि ओआरए-१२५१४ म्हणजे दारावर ऐकणारा लिसनर आहे, परंतु आपण विचारलेली सेवा त्याच्या यादीत नाही. हा दुसरा प्रकार डेटाबेस नुकताच सुरू केला असता हमखास दिसतो, कारण त्याची नोंद लिसनरकडे होण्यास मिनिटभर लागू शकते. अशा वेळी सेटिंग बदलण्याआधी मिनिटभर थांबावे.

मौनाचा तपास अधिक कष्टाचा आहे, कारण विनंती जाताना हरवली की उत्तर येताना हरवले, हे एका टोकावर बसून सांगता येत नाही. दोन्ही टोकांना एकाच वेळी टीसीपीडम्प किंवा वायरशार्क यांसारखे संदेश टिपणारे साधन लावून प्रत्यक्ष पाहणे हाच खात्रीचा उपाय. समजा, गडचिरोलीच्या पडद्यावर नागपूरची विनंती एकदा, मग एका सेकंदाने, मग दोन, मग चार सेकंदांच्या अंतराने अशी लांबत जाणारी दिसते, आणि प्रत्येक विनंतीखाली गडचिरोलीने तत्परतेने दिलेले उत्तरही दिसते. परंतु नागपूरच्या पडद्यावर त्या उत्तरांपैकी एकही उमटलेले नसते. एवढे चित्र मिळाले की दोष परतीच्या वाटेवर आहे हे निर्विवाद ठरते, आणि मग गडचिरोलीच्या सर्व्हरचे गेटवे कोणते, त्याला दोन नेटवर्क कार्डे असून उत्तर भलत्याच कार्डावरून तर जात नाही ना, एवढेच पाहावयाचे राहते. उलट गडचिरोलीच्या पडद्यावर विनंतीच दिसली नाही, तर ट्रेसरूटने वाटेतील मुक्काम मोजावेत. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. देशाचा मध्यबिंदू मानल्या जाणाऱ्या झिरो माइलच्या स्तंभाचा आम्हां नागपूरकरांना मोठा अभिमान; परंतु दोन टोकांना दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्या असल्या तर शेजारच्या जिल्ह्याला निघालेला संदेश मुंबईला वळसा घालूनही जाऊ शकतो, आणि ट्रेसरूटच्या यादीत ते वाचले म्हणजे भूगोलाचा हा अभिमान थोडा आवरता घ्यावा लागतो.

दार उघडले तरी ओळख पटावी लागते. येथे मागणाऱ्याला मिळणारा संदेश मुद्दामच मोघम ठेवलेला असतो, कारण 'नाव बरोबर आहे पण पासवर्ड चुकला' असे कळवणे म्हणजे चोराला अर्धा रस्ता दाखवण्यासारखे. खरी कैफियत दूरच्या सर्व्हरच्या लॉगमध्येच लिहिलेली असते. एसक्यूएल सर्व्हरचा १८४५६ हा क्रमांक घ्या. त्याच्या लॉगमधील स्टेट ५ म्हणजे तसे खातेच नाही आणि स्टेट ८ म्हणजे पासवर्ड चुकला. मागणाऱ्याला मात्र हा भेद कळत नाही. पोस्टग्रेस आपल्या परवानगीच्या फाइलमध्ये नोंद नसल्याचे सांगताना विनंती कोणत्या पत्त्यावरून आली तेही सांगतो, आणि मायएसक्यूएलही नाकारताना खात्याच्या नावापुढे किंवा निदान संदेशात विनंती करणाऱ्याचा पत्ता देतो. तो पत्ता अवश्य वाचावा, कारण कधी कधी वाटेतील राउटरने नागपूरचा मूळ पत्ता बदलून स्वतःचाच पुढे केलेला असतो, आणि आपण मात्र मूळ पत्त्याला परवानगी देऊन निश्चिंत असतो. विंडोजच्या खात्यांवर चालणाऱ्या लिंक्ड सर्व्हरमध्ये 'एनटी ऑथॉरिटी अॅनॉनिमस लॉगऑन' नाकारल्याचा संदेश दिसला, तर वापरकर्त्याची ओळख पहिल्या सर्व्हरपर्यंत आली पण दुसऱ्यापर्यंत पोहोचली नाही असे जाणावे. ओळख पुढे सोपवण्याचा अधिकार पहिल्या सर्व्हरला डोमेनमध्ये रीतसर द्यावा लागतो. आणि दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक अंतर पडले, तर कर्बेरोस ही ओळखपद्धती कोणाचेच ऐकत नाही.

आतापर्यंत सांगितलेले दोष निदान सतत हजर असतात. खरी परीक्षा होते ती अधूनमधून डोकावणाऱ्या दोषांनी. सकाळी सुरळीत चाललेला संबंध जेवणाच्या सुट्टीनंतर पहिल्याच प्रश्नाला तुटतो आणि दुसऱ्या प्रयत्नाला जुळतो, ही तक्रार आली की वाटेतील फायरवॉलचा संशय घ्यावा. बराच वेळ ज्या संबंधावरून काही गेले-आले नाही त्याची नोंद फायरवॉल परस्पर काढून टाकते, आणि दोन्ही सर्व्हर मात्र संबंध अबाधित आहे अशा समजुतीत राहतात. लिनक्स संबंध जिवंत आहे की नाही याची विचारपूस मूळ मांडणीत ७२०० सेकंदांनी, म्हणजे तब्बल दोन तासांनी करते, आणि फायरवॉलची मुदत बहुधा त्याआधीच संपलेली असते. ही विचारपूस दहा-पंधरा मिनिटांवर आणावी. ओरॅकलमध्ये त्यासाठी एसक्यूएलनेट एक्स्पायर टाइम नावाची मिनिटांत मोजली जाणारी सोय आहे.

दुसरा लपलेला दोष असा : लॉगिन होते, पाच ओळींचे उत्तर येते, पण पाच हजार ओळी मागितल्या की सर्व काही जागच्या जागी थिजते. हा दोष डेटाबेसचा मानून आठवडेच्या आठवडे प्रश्न तपासणारे लोक आहेत. नेहमीचे मोठ्यात मोठे पाकीट १५०० बाइटांचे असते. व्हीपीएनच्या बोगद्यातून जाताना त्याच्यावर आणखी वेष्टन चढते, ते वाटेत मावत नाही, आणि 'लहान पाकिटे पाठवा' ही सूचना परत आणणारा संदेश कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली बंद करून ठेवलेला असतो. तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइटांचा पिंग पाठवावा. तो गेला नाही तर आकडा उतरवत न्यावा, आणि जेथे तो जाऊ लागतो तेथे २८ मिळवले की वाटेची खरी रुंदी कळते. जेथे पिंगच बंद आहे तेथे अर्थात ही चाचणी चालणार नाही आणि पुन्हा टीसीपीडम्पकडे वळावे लागेल.

अंतर हाही स्वतंत्र विषय आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊन यावयास त्याला किमान ८ मिलिसेकंद लागतात आणि त्याची कोणी तक्रार करीत नाही. परंतु जंगलभागात जेथे तंतू पोहोचत नाही किंवा टिकत नाही, तेथे भूस्थिर उपग्रहावरची व्हीसॅट छत्री असते. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच, आणि प्रश्न व उत्तर मिळून चार वेळा ते अंतर कापावयाचे, म्हणजे अर्धा सेकंद गेलाच. एक प्रश्न विचारून एक उत्तर घेतले तर तो जाणवणारही नाही. परंतु प्रोग्रामरने हजार नोंदी एकेक करून मागवण्याची तजवीज केली असली तर केवळ येण्याजाण्यात आठ मिनिटांहून अधिक काळ जातो, मुदत संपते, आणि दोष मात्र 'लिंक'च्या माथी बसतो. येथे उपाय नेटवर्कमध्ये शोधू नये. हजार नोंदी एका खेपेत आणाव्यात.

आमच्या प्रांताची स्वतःची म्हणूनही काही कारणे आहेत. रस्ते सिमेंटचे करताना, मेट्रोचे खांब रोवताना, नळाची वाहिनी बदलताना जेसीबीच्या दातांत तंतू सापडणे हे नागपुरात नित्याचे झाले आहे. त्यावर उपाय म्हणून दोन कंपन्यांच्या दोन जोडण्या घेतल्या जातात. पण त्या दोन्ही एकाच चरातून, एकाच पुलावरून नेलेल्या असतील तर खर्च दुप्पट होतो आणि सुरक्षितता होती तेवढीच राहते, म्हणून करार करण्यापूर्वी मार्गाचा नकाशा मागावा आणि तो मिळाल्याखेरीज सही करू नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तळघरात बॅटऱ्या आणि स्विच ठेवणाऱ्यांनी त्या दिवसाची आठवण ठेवावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा दुपारी तीनला बंद पडून संध्याकाळी आपोआप सुरू होणारा स्विच असला, तर त्याची सेटिंग तपासण्याआधी त्याच्या खोलीतील पंखा आणि एसी तपासावा.

संबंध उत्तम जुळला, नोंदी आल्या, आणि मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहिली, हा प्रकार ज्याने पाहिला आहे तो विसरणार नाही. एका डेटाबेसची अक्षरमाला युनिकोडची आणि दुसऱ्याची जुनी पाश्चात्त्य असली की जे अक्षर तेथे लिहिताच येत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह बसते, आणि एकदा ते साठवले गेले की मूळ नाव त्या ठिकाणाहून कायमचे गेले. याउलट नावाच्या जागी टिंबे-रेघा चढवलेल्या रोमन अक्षरांची गिचमिड दिसली, तर बहुधा मूळ बाइट शाबूत असून केवळ वाचणाराच चुकीच्या लिपीने वाचतो आहे; ते सुधारता येते. म्हणून नोंदींची मोठी भरती करण्यापूर्वी जोडाक्षरे असलेली दहा-वीस नावे, 'कृष्णराव', 'ज्ञानेश्वर', 'लक्ष्मी' अशी, पाठवून दुसऱ्या टोकाला वाचून घ्यावीत.

तपासाच्या घाईत एक मोह वारंवार होतो. 'पाच मिनिटे फायरवॉल बंद करून पाहू' किंवा 'सध्या सर्वांना परवानगी देऊन टाकू, मग आवरू' असे कोणीतरी सुचवतो, काम चालू होते, आणि नंतर आवरण्याची आठवण कोणालाही राहत नाही. २५ जानेवारी २००३ रोजी स्लॅमर नावाच्या किड्याने एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ या उघड्या दारातून शिरून सुमारे दहा मिनिटांत जगभरातील बहुतेक दुबळे सर्व्हर ग्रासले. त्याचे सारे अंग ३७६ बाइटांचे होते, आणि त्याच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने आधीच्या जुलैतच जाहीर केलेला होता. चाचणीसाठी मुभा द्यावयाचीच असेल तर एका पत्त्याला, एका दाराची, लेखी आणि मुदतीची द्यावी.

लेखी म्हणण्याचे कारण आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. हा सरकारी हुकूम तपास करणाऱ्यांच्या पथ्यावरच पडणारा आहे, कारण दोन टोकांच्या लॉगमध्ये वेळ जुळत नसेल तर कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हेच कळेनासे होते. कंपनीकडे तक्रार नोंदवताना कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या पत्त्याला, कोणत्या दारावर, किती वाजून किती सेकंदांनी, आणि त्रुटीचा शब्दशः संदेश कोणता, एवढे लिहून द्यावे. 'सकाळपासून बंद आहे' असे लिहिलेली तक्रार पलीकडच्या अभियंत्याने बाजूला सारली, तर त्याला फारसा दोष देता येणार नाही.

संबंध पुनः जुळल्यावर थांबलेले काम ताबडतोब नव्याने सुरू करण्याची घाई करू नये. दोन्ही डेटाबेसांत एकाच वेळी नोंद व्हावी असा व्यवहार ज्या क्षणी संबंध तुटला त्या क्षणी अर्धवट राहिलेला असू शकतो. एका टोकाने 'तयार आहे' म्हटलेले असते आणि अंतिम आज्ञा त्याच्यापर्यंत पोहोचलेली नसते. ओरॅकल असे व्यवहार डीबीए टूपीसी पेंडिंग या यादीत दाखवतो, आणि ते तसेच राहिले तर त्यांनी धरून ठेवलेल्या नोंदींना हात लावणाऱ्यांना ओआरए-०१५९१ हा संदेश मिळत राहतो. ओरॅकल स्वतःच ते निस्तरतो काय, हे काही मिनिटे पाहावे. न निस्तरल्यास दोन्ही टोकांचे कर्मचारी फोनवर घेऊन, प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक वाचून, पलीकडे तो पक्का झाला की रद्द झाला याची खातरजमा करूनच अलीकडे तसे करावे, आणि मगच खोळंबलेली रात्रीची भरती पुढे चालू करावी.